सहा बसगाड्यांची दुपार

बाईंचे गुडघे दुसऱ्या मजल्यापर्यंत गप्प असत. तिसऱ्याचा जिना दिसला की त्यांची कुरकुर सुरू होई. मग बाई कठड्याला टेकून उभ्या राहत आणि वरून पडदेकाकांची हाक येई, "या, सावकाश या. तिसरी घंटा अजून व्हायचीय."

पडदेकाका म्हणजे केंद्राचे शिपाई, दारवान, चहावाले आणि सगळ्या किल्ल्यांचे मालक. तीस वर्षं त्यांनी एका थिएटरात पडदा ओढला होता. थिएटर पाडलं, दोर सुटला, पण त्या माणसाचे हात आणि वेळेचं भान दोन्ही तशीच राहिली. बाईंनी त्यांना ठेवून घेतलं ते या एका गुणासाठी. इथे येणारी दोन माणसं एकमेकांना कधीही दिसता कामा नयेत, हा केंद्राचा पहिला नियम. एकाने पुढच्या जिन्याने यायचं, तासभर बसायचं, मागच्या जिन्याने उतरायचं. मधे वीस मिनिटं मोकळी. मग दुसरा. कोणाचा प्रवेश कधी आणि कोण कुठून बाहेर पडणार, हे ज्याने जन्मभर विंगेत उभं राहून पाहिलं त्याला कोण काय शिकवणार?

दारावर पाटी होती, 'ताण व निद्रा सल्ला केंद्र'. अगदीच खोटी नव्हती. इथे येणाऱ्या कोणालाच धड झोप लागत नसे. पण ती माणसं झोपेसाठी येत नसत. लहान मुलांकडे पाहून आपल्या मनात जे येतं ते यायला नको, हे त्यांना कळलेलं असे. हातून काही घडायच्या आत कोणीतरी आपल्याला अडवावं, असं वाटण्याइतकी ती शुद्धीवर असत. काहींना मनोविकारतज्ज्ञ पाठवत. काही जण फोन करून न बोलताच ठेवून देत, आणि पाचव्या-सहाव्या वेळी एकदाचा कंठ फुटे.

बाईंच्या नणंदेला या कामाचा पत्ता लागला तेव्हा तिने हातातली बशी खाली आपटली होती.

"वहिनी, असल्यांना भर चौकात फोडून काढायचं, की खुर्ची देऊन बसवायचं?"

"फोडून काढल्यावर पोर पहिल्यासारखं होतं का?"

"म्हणजे तू त्यांची बाजू घेतेस."

"मी पोराचीच बाजू घेते. फक्त आधी जाऊन उभी राहते."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं," असं म्हणून नणंदेने टीव्हीचा आवाज वाढवला. सून त्यातल्या त्यात शहाणी. शेजारी विचारत तेव्हा ती सांगे, "आमच्या सासूबाई झोपेच्या डॉक्टर आहेत." मग शेजारी आपापल्या निद्रानाशाची गाऱ्हाणी घेऊन येत, आणि बाई निमूटपणे त्यांना कोमट पाणी आणि संध्याकाळचं चालणं सांगत.

केंद्रात येण्याआधी अकरा वर्षं बाईंनी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात काढली होती. ज्यांच्या बाबतीत घडून गेलेलं असे, त्या मुलांशी बोलायचं काम. एकदा एक सहा वर्षांची मुलगी कागदावर निळा खडू गिरवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुम्ही आधी का नाही आलात?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बस का चुकली असं विचारावं, तसं विचारलं होतं. बाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुढच्या वर्षी त्या या तिसऱ्या मजल्यावर आल्या.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. बाई एकसष्ट वर्षांच्या झाल्या, आणि खरं सांगायचं तर पार दमल्या. बाहेरच्यांना वाटे, भयंकर गोष्टी ऐकून दमत असतील. तसं नव्हतं. त्या दमल्या होत्या एकच वाक्य ऐकून. 'मीच असा का?' हा प्रश्न रोज तीन-चार वेगवेगळ्या तोंडांतून येई, आणि दर वेळी तो पहिल्यांदाच विचारला गेल्यासारखा चेहरा ठेवावा लागे. शिवाय या कामात यश आलं म्हणजे काय, तर काही घडलं नाही. काही घडलं नाही, हे कळवायला कोणी फोन करत नाही.

अशा कंटाळलेल्या दिवसांत बाईंना बरं वाटे ते मंगळवारी पाच वाजता. ती लिफ्टवाल्याची वेळ.

लिफ्टवाला पस्तिशीचा. उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत कामाला. तो पहिल्यांदा धापा टाकत वर आला तेव्हा पडदेकाका म्हणाले होते, "साहेब, तुमच्यासारखा कारागीर आमच्याकडे येतो आणि आमची लिफ्ट सात वर्षं बंद. काय म्हणावं नशिबाला!" तो हसला नव्हता. बाईंनी पुढे केलेला पहिल्या दिवसाचा कागद त्याने तीनदा वाचला. इथे बोललेलं इथेच राहील. मात्र एखाद्या मुलाला धोका आहे असं दिसलं, तर आम्ही गप्प बसणार नाही, ज्याला सांगायला हवं त्याला सांगू. कागद वाचून तो म्हणाला, "दुसरं वाक्य आहे म्हणून सही करतो." तेव्हाच हा माणूस बाईंच्या मनात बसला.

त्याने कधी कोणत्या मुलाला हात लावला नव्हता. शाळेचं, शिकवणीच्या वर्गाचं काम आलं की तो ते सहकाऱ्याच्या गळ्यात मारी. फोनवर काय पाहायचं नाही, मन खाली जायला लागलं की कोणाला फोन करायचा, याचं कार्ड पाकिटात ठेवी. मनोविकारतज्ज्ञाने दिलेली गोळी चुकवत नसे. दोष मुळापासून गेला, असं बाईंनी त्याला कधी सांगितलं नाही. मनात काय यावं हे आपल्या हातात नसतं, पाय कुठे वळवायचे ते असतं, एवढंच त्या सांगत.

एक गोष्ट तेवढी राहून गेली होती. त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. ती एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करी, एकटीच मुलगी वाढवत होती. मुलगी सात वर्षांची. मामा एकुलता एक, तेव्हा बहीण दर आठवड्याला म्हणे, "दोन तास सांभाळ रे हिला." आणि हा दर आठवड्याला काहीतरी सांगे. अंग गरम आहे, ड्युटी आहे, दाढ दुखतेय. मंगळवारी येऊन तो हिशोब देई, "बाई, या आठवड्यात दोनदा टाळलं." बाई वहीत लिहीत, 'टाळलं', आणि पुढे बरोबरची खूण करत. तीन वर्षांच्या खुणा झाल्या.

सुरुवातीला बाई म्हणत, "बहिणीला सांगावं लागेल. आपण मिळून सांगू." त्याचा चेहरा उतरे. "तिच्याशिवाय मला कोणी नाही हो." मग बाई म्हणत, "बरं, पुढच्या वेळी बघू." गेल्या वर्षभरात तर त्यांनी विषयच काढला नव्हता. माणूस नीट चालला होता. नीट चाललेल्याला कशाला हलवायचं? दमलेल्या बाईंना पाठ टेकायला वहीत तेवढं एकच नाव उरलं होतं.

त्या गुरुवारी दुपारी बाई गुडघ्याचा पट्टा आणायला बाहेर पडल्या. पट्टा घेऊन परतत होत्या, तर बसथांब्यावर लिफ्टवाला उभा. त्यानेही त्यांना पाहिलं.

केंद्राचा दुसरा नियम असा, की बाहेर भेटलं तर ओळख दाखवायची नाही. कोणाबरोबर बायको असते, कोणाबरोबर साहेब. बाईंचं नुसतं हसूही त्या माणसाला महागात पडायचं. एकोणीस वर्षांत त्यांची मान आपोआप वळायला शिकली होती. ती आताही वळली. बाजूला भांड्यांचं दुकान होतं. बाई काचेतले तवे पाहत पाहत पुढे गेल्या. चांभार मागे पडला, किल्ल्या करणारा मागे पडला, औषधाचं दुकान आलं, आणि तिथे बाई भर गर्दीत थबकल्या. मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळून चडफडत गेला.

लिफ्टवाल्याच्या खांद्याला शाळेचं दप्तर होतं. लहान, पिवळं. आणि त्याच्या पलीकडे, त्याचा हात न धरता शर्टाचं टोक धरून, एक मुलगी उभी होती.

बाई उलट धावल्या. गुडघ्यांनी ठणाणा केला. थांबा रिकामा होता. एक बस वळणावरून दिसेनाशी होत होती.

कोणाचाही नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचा नाही, हा तिसरा नियम. नंबर केंद्रात, कुलूपबंद खणात. बाई तीन मजले न थांबता चढल्या. पडदेकाकांनी त्यांचा चेहरा पाहिला, तोंडावर आलेला विनोद गिळला आणि न विचारता खण उघडला.

लिफ्टवाल्याचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"काका, मी मान वळवली," बाई म्हणाल्या. "त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी तव्यांकडे पाहिलं."

"नियमच आहे तो, बाई."

"नियम मीच केलाय."

त्यांनी पहिल्या दिवसाचा कागद काढला. दुसरं वाक्य बोट ठेवून वाचलं, जणू ते कोणी दुसऱ्याने लिहिलं होतं. मग बहिणीच्या रुग्णालयाला फोन लावला. धुलाईखान्यातला कारकून म्हणाला, "मशीन चालू आहे, ऐकू जात नाही. बोलावून आणतो, फोन ठेवू नका." बाई रिसीव्हर कानाला लावून बसल्या. पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. बहीण फोनवर आली की काय सांगायचं? तुमचा भाऊ. तुमची मुलगी. इथून पुढे शब्द सापडत नव्हते, आणि ते सापडण्यासाठी त्यांच्यापाशी तीन वर्षं होती.

एवढ्यात जिन्याकडून पडदेकाकांचा आवाज आला. आवाज पडलेला, पण स्पष्ट. "बाई, नको त्या वेळी प्रवेश झालाय. दोघं आहेत."

मुलगी आधी आत आली, धापा टाकत आणि खुशीत. लिफ्टवाला उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. घामाने भिजला होता. दप्तर त्याने आत सरकवलं, पाय आत टाकला नाही.

"हिला आत घ्या," तो म्हणाला. "मला जरा बसू द्या इथे जिन्यात."

नेमकी तेव्हाच बहीण फोनवर आली. "कोण बोलतंय? काय झालं?"

"तुमची मुलगी आमच्याकडे आहे. बरी आहे, हसतेय. तुमचा भाऊही इथेच आहे. सुट्टी मागून लगेच या." बाईंनी पत्ता सांगितला.

"तिकडे कशाला गेलाय तो? मी घरी न्यायला सांगितलं होतं!"

"आल्यावर तोच सांगेल," बाई म्हणाल्या, आणि जिन्यातल्या माणसाने ते ऐकून डोळे मिटले.

पडदेकाकांनी मुलीला पुढच्या खोलीत बसवलं, दार सताड उघडं ठेवलं, बिस्किटं काढली आणि वादळाचा आवाज पत्र्याने कसा काढतात ते चहाच्या ट्रेवर करून दाखवायला सुरुवात केली. बाई जिन्यात, दोन पायऱ्या सोडून बसल्या.

"शेजारची मावशी सांभाळते तिला. ती आजारी पडली," तो सांगू लागला. "ताईने साइटवरच फोन केला. म्हणाली, तुला भाचीचं काही नाही, तीन वर्षं बघतेय, आज नाही म्हणालास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. माझी कारणं संपली हो, बाई. शाळेतून आणलं तिला. घरी नेलं नाही. बसमध्ये बसवलं. शेवटच्या थांब्यावर उतरलो, दुसरी पकडली. गर्दीच्या गर्दीच्या. सहा बस बदलल्या."

"फोन का नाही उचललास?"

"केंद्राचा नंबर मी फोनमध्ये ठेवलेला नाही, अनोळखी दिसला. वाटलं ताईच दुसरीकडून करतेय, कुठे आहेस विचारायला." त्याने बाहीने घाम पुसला. "तुम्ही दिसलात तेव्हा वाटलं, सुटलो. तुम्ही तोंड फिरवलंत."

"चुकलं माझं."

"नियम आहे, मला माहीत आहे."

"नियम आहे, तरी चुकलं. आणि ते एकच नाही." बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. "तू टाळलंस टाळलंस म्हणून सांगत होतास आणि मी बरोबरची खूण करत होते. ज्या दिवशी कारणं संपतील त्या दिवशी काय, हे मी विचारायला हवं होतं. मला कंटाळा आला होता, आणि तू चांगला चालला होतास. आज तिला सांगायचं."

"मारून टाकेल मला."

"टाकणार नाही. पण जे करेल ते करू द्यायचं. मी शेजारी बसते."

बहीण पाऊण तासात आली. कामाचा निळा डगला अंगावर तसाच, हाताला साबणाचा वास. आधी मुलीला जवळ ओढलं, मग भावावर सुटली. "अरे गाढवा, दोन तास घरी बसवता येत नाही? ही उपाशी, तू फोन उचलत नाहीस! आणि हे कसलं केंद्र? तुला झोप येत नाही? मला सांगायचंस, चार गठ्ठे चादरी धुवायला दिल्या असत्या!"

"ताई, आत बस जरा."

"बसायला वेळ नाही."

"बस ना गं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की ती बसली.

त्याने सांगितलं. जमिनीकडे पाहून, चार वाक्यांत. मला लहान मुलांबद्दल वाटायला नको ते वाटतं. मी कधीच कोणाला काही केलेलं नाही, हिलाही नाही. त्यासाठीच तीन वर्षं इथे येतो. मला हिच्याबरोबर एकट्याला ठेवू नकोस, कधीच.

बहीण आधी हसली. थट्टा चालली आहे असं वाटून माणूस हसतं, तसं. मग तिने बाईंकडे पाहिलं आणि हसू तोंडावरच मेलं. ती उठली, पुढच्या खोलीत गेली, मुलीसमोर उकिडवी बसली. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"काय केलंत गं तुम्ही दोघांनी दुपारभर?"

"बस! सहा बस! मामा कुठे उतरायचं ते विसरतच होता. मी खिडकीत आणि मामा उभा."

"उभा?"

"सगळ्या बसमध्ये उभा. जागा होती तरी."

बहीण परत आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. भावाकडे तिने पाहिलंच नाही. "तुम्हाला माहीत होतं?" तिने बाईंना विचारलं. "तीन वर्षं?"

"हो."

"आणि मी दर आठवड्याला याला म्हणत होते, सांभाळ, सांभाळ. तुम्हाला तेही माहीत होतं."

"हो."

"मग तुम्ही कोणाला वाचवत होता?"

वीस वर्षांपूर्वी निळ्या खडूपुढे मिटलेलं तोंड बाईंनी या वेळी मिटलं नाही. "तुमच्या मुलीला," त्या म्हणाल्या. "पण अर्धवट. तुमच्यापर्यंत आधी यायला हवं होतं. ती माझी चूक, याची नाही. याने आज जे केलं ते बरोबर केलं."

बहिणीने हात पुढे केला. तळवा उघडा. क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग लिफ्टवाल्याने खिशातून जुडगा काढला. बहिणीच्या घराची किल्ली त्याच्याकडे असे. कडी घट्ट होती, नख मोडलं. कोणी मदत केली नाही. किल्ली निघाली, तिने मुठीत घेतली, दुसऱ्या हाताने मुलीला धरलं आणि ती पुढच्या जिन्याने उतरून गेली. खालून मुलीचा आवाज आला, "मामाला टाटा केला नाही." त्यावर आईचं उत्तर ऐकू आलं नाही.

पुढचे दोन मंगळवार लिफ्टवाला आला, बसला, फार बोलला नाही. बाईही त्याला बोलतं करायच्या मागे लागल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा त्या स्वतः फोन करून तो जेवला का ते विचारत. वहीत आता त्या खूण करत नसत, वाक्य लिहीत. इतर सगळ्यांची नावं काढून त्या पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या: घरात कोण आहे, कोणाला माहीत आहे, कोणाला माहीत असायला हवं. सात नावांपुढे त्यांना तेच जुनं 'पुढच्या वेळी बघू' सापडलं. सात जणांशी पुन्हा तेच अवघड बोलणं. त्या विचारानेच त्यांना खुर्चीतून उठवेना.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, बहीण एकटीच आली. चहा नको म्हणाली. पर्स मांडीवर गच्च धरून बसली.

"मला क्रमाने सांगा," ती म्हणाली. "मी रडायला आलेली नाही. मुलीला काय सांगायचं? मामा का येत नाही म्हणून रोज विचारते."

बाईंनी सांगितलं. मुलीला भावाचं सगळं सांगायची गरज नाही. पण स्वतःच्या अंगाबद्दल, कोणीही काही लपवून ठेव म्हणालं तर आईला येऊन सांगण्याबद्दल, प्रत्येक मुलीला सांगावं तसं सांगायचं. एकट्याने भेटणं नाही, राहायला येणं नाही. ठरलेलं पाळायची जबाबदारी मोठ्यांची, तिची नाही. बहीण ऐकत होती, मधूनच विचारत होती, "आणि आजारी पडली तर? आणि मी आजारी पडले तर?" प्रश्न नेमके होते. एवढे नेमके प्रश्न बाईंना स्वतःला तीन वर्षांत सुचले नव्हते.

"हे बरं होतं का?" शेवटी तिने विचारलं.

"सांभाळता येतं. एकट्याने जड जातं."

ती पर्सचं बक्कल उघडमीट करू लागली. "मी त्याला माफ वगैरे केलेलं नाही. माफ करायला त्याने काही केलंय का, हेच मला कळत नाही. रात्री वाटतं, कायमचा तोडावा. सकाळी वाटतं, सहा बस उभा राहिला." ती उठली. "रविवारी चार वाजता. मोठ्या बागेच्या फाटकाशी, माझ्यासमोर, एक तास. घरी नाही. एवढंच. तुम्ही सांगा त्याला."

मंगळवारी पाच वाजता बाईंनी सांगितलं. लिफ्टवाल्याने पाकिटातल्या कार्डाच्या मागे वेळ लिहून घेतली.

"कळवते तिला, तू येणार म्हणून," बाई म्हणाल्या आणि फोनकडे हात नेला.

"नको," तो म्हणाला. "ताईला मीच फोन करतो."